बारा प्रती, बारा नावं

प्रकाशक म्हणून मी छापलेलं पहिलं पुस्तक बाइंडरकडून रिक्षाने घरी आलं, त्या दिवशी लेखिकेच्याही आधी मी फोन लावला तो आमच्या गावच्या अण्णांना. एसटी स्टँडवरून बाजारपेठेत वळलं की डाव्या हाताला अण्णांचं दुकान. कॉलेजच्या दोन उन्हाळी सुट्ट्या आणि नंतरचं एक अख्खं वर्ष मी त्या काउंटरमागे उभी राहून काढलं होतं. फोनवर मी पुस्तकाची माहिती दिली. नदीकाठच्या एका गावात ३२ वर्षं शिकवलेल्या बाईंच्या आठवणी, पानं १७६, किंमत १८० रुपये.

"बारा पाठव," अण्णा म्हणाले.

"पंचवीस पाठवते ना. जाकडवर ठेवा. नाही गेली तर परत घेईन."

"पंचवीस कुणाला देऊ, पोरी? बारा जण डोळ्यांसमोर आहेत." आणि ते एकेक नाव घेऊ लागले. कन्याशाळेतल्या दोघी. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. वाचनालयाला दोन प्रती. दर मंगळवारी बाजाराला येणारे एक शेतकरी, जे आत्मचरित्राशिवाय दुसरं काही वाचत नसत. डॉक्टरांच्या आई, पण त्यांना टाइप मोठा लागतो, तेव्हा "आतला टाइप केवढा ठेवलायस ते आधी सांग."

पाच आठवड्यांनी कमिशन वजा करून चेक आला. सोबत पोस्टकार्डावर एक ओळ: मंगळवारवाले विचारतायत, बाईंनी आणखी काही लिहिलंय का.

आज वितरण हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून दहा वेळा येतो. कुठल्या वितरकाकडे किती, कोणत्या जिल्ह्यात किती, कुणाचं येणं किती. पण तो शब्द उच्चारला की मला आधी आठवतात ती फोनवर घेतलेली बारा नावं. पुस्तक लेखक लिहितो, प्रकाशक छापतो, आणि ते कोणाच्या हातात पडायचं हे बहुतेक वेळा काउंटरमागचा माणूस ठरवतो. लेखकाला त्याचं नाव ठाऊक नसतं. प्रकाशकालाही ते फक्त बिलावर दिसतं.

अण्णांच्या दुकानात पुण्याहून पार्सल आलं की ते सुतळी कापायचे नाहीत. गाठ सोडवायचे आणि सुतळी गुंडाळून गल्ल्याशेजारच्या डब्यात ठेवायचे. मग चलनावरची नावं मी वाचायची आणि ते प्रती मोजायचे. नव्या पुस्तकाच्या गठ्ठ्यातली मधलीच एक प्रत काढून ते अंगठ्याने पानं सोडत जायचे, कारण कधी एखादा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच, दोनदा शिवलेला निघायचा आणि पुढचा गायब असायचा. तसं काही नसेल तर मलपृष्ठ, मग पहिलं पान, मग मधलं कुठलं तरी पान उभ्याउभ्या वाचायचे. पाच-सात मिनिटांचं काम. तेवढ्यात पुस्तकाची जागा ठरायची. काही पुस्तकं कणा बाहेर करून कपाटात जायची, काही दर्शनी फळीवर तोंड दाखवून बसायची, आणि एखादं थेट गल्ल्याच्या मागे, कुणासाठी तरी राखून. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आल्याची तारीख. महिन्याभरात हललं नाही तर त्याची जागा बदलायची. "माणसाला जशी खुर्ची बदलली की वेगळी माणसं भेटतात," असं ते म्हणायचे. कपाटात दोन महिने पडून असलेलं पुस्तक दर्शनी फळीवर आलं आणि आठवड्यात तीन प्रती गेल्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पुस्तक तेच, किंमत तीच. जागा बदलली होती आणि अण्णांनी ते कुणाला तरी हातात घेऊन दाखवलं होतं.

दुकान मात्र साहित्यावर चालत नव्हतं. सगळं गणित जूनवर होतं. शाळा उघडायच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा, या महिन्यात जेवायला फुरसत नसायची. पाठ्यपुस्तकांचे संच, गाइडं, वह्या, कंपासपेट्या, खाकी कव्हरं. त्या गल्ल्यातून वर्षाचं भाडं निघायचं. दिवाळीत अंक. उरलेल्या दिवसांत कथा-कादंबऱ्यांची दोन कपाटं अण्णा त्या जूनच्या पैशांवर सांभाळायचे. पुढे सर्व शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळू लागली. ते व्हायलाच हवं होतं, काउंटरवर पैसे मोजताना कमी पडले म्हणून संचातलं एक पुस्तक परत करणारे आईबाप मी पाहिले आहेत. पण त्याच सुमाराला कितीतरी शाळा वह्यांपासून सगळं शाळेतूनच देऊ लागल्या, आणि बाजारपेठेतल्या दुकानाचा जून सुना पडला. वाचन कमी का झालं यावरच्या परिसंवादांत मी पुष्कळदा बसले आहे. तिथे दूरदर्शनपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांवर ठपका येतो. तालुक्याच्या दुकानातली कादंबरी गाइडाच्या पैशावर उभी होती, आणि तो पैसा आटला तेव्हा आधी कादंबरीचं कपाट उचललं गेलं, हे तिथे कुणी बोलत नाही. माझ्या मते निमशहरी भागापुरतं तरी हे कारण फार मोठं आहे.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर हाच हिशोब आजही डोळ्यांनी दिसतो. पायरीवर, काउंटरवर, दाराशी टांगलेल्या दोऱ्यांवर सगळीकडे स्पर्धा परीक्षांची आणि अभ्यासक्रमाची पुस्तकं. साहित्य हवं असेल तर बहुतेक ठिकाणी आत जावं लागतं. मला त्यात वाईट वाटत नाही. आतली खोली बाहेरच्या गर्दीवर जगते.

मराठीतले काही मोठे प्रकाशक दुकानातूनच जन्माला आले, याचं मला कधीच आश्चर्य वाटलं नाही. गणेश रामराव भटकळांनी १९२४ मध्ये मुंबईत पॉप्युलर बुक डेपो काढला, त्या दुकानाच्या पोटी पुढे पॉप्युलर प्रकाशन उभं राहिलं. केशवराव कोठावळे गिरगावात मॅजेस्टिक बुक स्टॉल चालवायचे. विकता विकता ते छापू लागले आणि १९६४ मध्ये त्यांनी 'ललित' सुरू केलं. नव्या पुस्तकांची बातमी वाचकाच्या घरी नेऊन पोचवणारं मासिक काढावं, हे दुकानदारालाच सुचणार. कारण लोक काय मागतात आणि त्यातलं काय बाजारात मिळतच नाही, हे काउंटरवर रोज ऐकू येतं. "अमुक विषयावर काही आहे का हो?" या प्रश्नाला चौथ्यांदा नाही म्हणताना प्रकाशक तयार होतो. माझंही असंच झालं. कन्याशाळेतल्या बाई दर दोन महिन्यांनी विचारायच्या, "बायकांनी नोकरीविषयी लिहिलेलं काही?" दाखवायला माझ्याकडे दोन-तीनच नावं असायची, आणि ती त्यांनी कधीच वाचलेली असायची.

आता पैशाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट राहतं. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे. माझ्या वहीत त्याचा निर्मितीखर्च साधारण ७५ पडतो. वितरकाला मी ते निम्म्या किमतीत, म्हणजे १५० ला देते. त्यातून तो दुकानदाराला छापील किमतीवर ३० ते ३५ टक्के सोडतो आणि उरलेल्यात त्याचं गोडाऊन, टेम्पो आणि फिरता माणूस भागवतो. माझ्याकडे आलेल्या १५० तून खर्चाचे ७५ आणि लेखकाचे १० टक्के, म्हणजे ३०, गेले की ४५ उरतात. त्यात जागेचं भाडं, मुद्रितशोधन, परीक्षणासाठी आणि भेट दिलेल्या प्रती, खराब होऊन परत आलेला माल, आणि वाट पाहणं. वाट पाहणं हा खर्च कुठल्याच रकान्यात लिहिता येत नाही. पुस्तक जाकडवर जातं, सहा महिन्यांनी किती गेलं ते कळतं, त्यापुढे कधीतरी पैसे येतात. छापखान्याचं बिल मात्र महिन्यात द्यायचं असतं. मराठीत पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती हे सर्वसाधारण माप होतं. मी आता ३०० छापते, संपली की आणखी ३००.

एका वितरकाकडे माझे ८६ हजार रुपये अडकले होते. पावणेदोन वर्षं मी फोन केले. शेवटी पैशांऐवजी माल परत आला, चार खोकी. कव्हरं उन्हाने एका बाजूला फिकी पडलेली, किमतीवर दुसऱ्याच किमतीचे स्टिकर, काही प्रतींत पावसाचं पाणी शिरून पानं लाटांसारखी झालेली. त्यातल्या एका पुस्तकाचा लेखक रॉयल्टी विचारायला घरी आला होता. खोकी दारातच होती. त्याने एक प्रत उचलली, ओली पानं एकमेकांपासून नखाने सुटी करत बसला आणि काही न बोलता चहा घेऊन गेला. पुस्तक खपलं नाही असं आपण म्हणतो. त्याच्या त्या पुस्तकातल्या कितीतरी प्रती कुणासमोर आल्याच नव्हत्या.

तरी दुकान म्हणजे सगळं, असंही मी म्हणणार नाही. अण्णांच्या डोळ्यांसमोर जी बारा माणसं होती, ती बाजारपेठेतून ये-जा करणारी, दुकानाची पायरी चढायला न बिचकणारी माणसं होती. पायरी न चढणारा वाचकही गावात होता, आणि तो अण्णांना दिसत नव्हता. मलाही दिसला नव्हता. सत्तरच्या दशकात ग्रंथाली या वाचक चळवळीने वाचकांनाच सभासद करून घेतलं, गावोगाव प्रदर्शनं मांडली आणि दुकानाच्या फळीची वाट न पाहता पुस्तक थेट माणसाकडे नेलं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये ग्रंथालीने काढलं. ती पुस्तकं महाराष्ट्रभर पोचली, यात या वाटेचा वाटा आहे असं मला वाटतं.

आणि ६ डिसेंबरचं शिवाजी पार्क. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांनी मराठी पुस्तकविक्रीबद्दल मत बनवायची घाई करू नये. चैत्यभूमीवर आलेली माणसं मैदानातल्या स्टॉलांवर, जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्यांवर ओणवी होऊन पुस्तकं निवडत असतात. नागपूरला दीक्षाभूमीवरही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला असंच चित्र असतं. एका वर्षी एका ओळखीच्या विक्रेत्याच्या स्टॉलवर अर्ध्या टेबलाची जागा मला मिळाली. मराठवाड्यातून आलेल्या एका आजींनी चार पुस्तकं बाजूला काढली. किमतींची बेरीज नातवाकडून करून घेतली, मग त्याला पुन्हा करायला लावली. सवलत मागितली नाही. पैसे दिले आणि पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी पुस्तकं ठेवली, मध्ये वर्तमानपत्राची घडी घालून, तेल लागू नये म्हणून. त्या दोन दिवसांत माझ्या अर्ध्या टेबलावरून जेवढ्या प्रती गेल्या, तेवढ्या जायला पुण्यातल्या एका चांगल्या दुकानात मला सात महिने लागले होते. तिथे ओळखीचा दुकानदार नव्हता, पण त्या विक्रेत्याला आपल्यासमोर कोण येणार आहे आणि ते कशासाठी येतात याची जाण वर्षानुवर्षांची होती. त्याने मला आधीच सांगितलं होतं, "ताई, कविता कमी आणा, चरित्रं आणा, आणि लहान मुलांसाठी काही असेल तर ते पुढे ठेवा."

ग्रंथालयांचं बोलायला हवं. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं राहिलं, आज ती अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान. हे अनुदान वर्षअखेरीला हातात पडलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदीची धांदल उडते. जिल्ह्याच्या गावचा विक्रेता तेव्हा याद्या घेऊन फिरतो. चांगला विक्रेता वाचनालयाच्या ग्रंथपालाला वाचकांच्या आवडीप्रमाणे यादी करून देतो. दुसऱ्या प्रकारचा विक्रेता जिथे त्याला सर्वांत जास्त कमिशन मिळतं तीच पुस्तकं यादीत भरतो. त्यासाठीच छापलेली पुस्तकंही मी पाहिली आहेत, पानं थोडी, अक्षर मोठं, पुठ्ठा जाड, किंमत भरमसाट. त्यांना वाचक नसतो, वाचनालयाच्या पुस्तकनोंदीच्या वहीत फक्त क्रमांक असतो. हे पैसे जनतेचे आहेत आणि यातल्या एकेका पुस्तकामागे कुणाचं तरी खरंखुरं पुस्तक फळीबाहेर राहतं, म्हणून मला याचा राग येतो.

आणि सवलत. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये स्ट्रँड सिनेमाच्या आवारात स्ट्रँड बुक स्टॉल सुरू केला. दुकान मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचं, पण मराठी घरांतल्या कितीतरी कपाटांत तिथली खरेदी आहे. तिथे न मागता २० टक्के सवलत मिळायची, आणि पुस्तक कुठलं घ्यावं हे सांगणारा माणूसही मिळायचा. २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झालं. आज सवलत फोनच्या पडद्यावर मिळते आणि ती इतकी असते की लहान दुकानदाराला स्वतःला मिळणाऱ्या कमिशनमधून ती देणं परवडतच नाही. फ्रान्समध्ये १९८१ पासून कायदा आहे, नव्या पुस्तकावर कुणालाही ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून मग प्रकाशक काय करतो? मीही केलं आहे. पुढे सूट द्यावी लागणार हे गृहीत धरून छापील किंमतच वर नेते. २२० चं पुस्तक २७५ चं होतं आणि मग त्यावर २० टक्के सूट मिळाली म्हणून वाचक खूश होतो. ज्याला सूट मिळत नाही, म्हणजे आडगावच्या दुकानात रोखीने घेणारा, तो ते जास्तीचे ५५ रुपये भरतो. ही गोष्ट मला झोपू देत नाही असे दिवस असतात.

ऑनलाइन विक्रीला मी नावं ठेवणार नाही. जळगावचा वाचक, न्यू जर्सीतला वाचक मला त्यातूनच मिळाला. मात्र तिथे लोक माहीत असलेलं पुस्तक शोधायला येतात. नाव ठाऊक नसलेलं पुस्तक भेटावं लागतं, आणि ते भेटवणारं कुणीतरी लागतं. शिवाय पाठवायचा खर्च. माझ्यासारख्यांचा आधार पोस्टाची रजिस्टर्ड बुक पोस्ट होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्या आठवड्यात माझ्याकडे पत्ते लिहून तयार असलेली ११ पाकिटं होती. ती पोस्टाच्या खिडकीवरून मी परत आणली, कारण काहींचं टपाल पुस्तकाच्या किमतीच्या निम्म्यावर जात होतं. पुढे मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० अशा दराने. तेव्हा कुठे हायसं वाटलं. मधल्या पाच महिन्यांत जे वाचक दुरावले, ते सगळे परत आले नाहीत.

अण्णांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. मुलगा पुण्यात नोकरीला, अण्णांचे गुडघे गेलेले. जागेत आता मोबाइलचं दुकान आहे. शेवटचा माल द्यायला त्यांनी मला बोलावलं होतं. माझ्या पुस्तकांच्या नऊ प्रती निघाल्या, सुतळीने नीट बांधलेल्या. मी म्हटलं, अण्णा, तुमची गिऱ्हाइकं कोण, कुणाला काय आवडतं, हे कुठे लिहून ठेवलंय का? कुणाच्या तरी उपयोगी पडेल. त्यांनी फक्त मान हलवली. त्यानंतर दोन वर्षं त्या तालुक्यातून माझ्याकडे एकाही पुस्तकाची मागणी आली नाही. कन्याशाळेतल्या बाई तिथेच होत्या, मंगळवारचा बाजारही भरत होता.

गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातून एक फोन आला. झेरॉक्सचं दुकान, सोबत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. दुकानदाराच्या सुनेने एका भिंतीला तीन फळ्या ठोकून त्यावर साहित्य मांडलंय. नवीन काही आलं की ती त्याचा फोटो आणि चार ओळी व्हॉट्सॲपवर टाकते, त्या चार ओळी स्वतः वाचून लिहिलेल्या असतात. माझ्या त्या पहिल्या पुस्तकाची, बाईंच्या आठवणींची, आता तिसरी आवृत्ती आहे, किंमत २४० रुपये. तिने तेच पुस्तक मागितलं.

"ताई, चार पाठवा."

मी विचारलं, "दहा पाठवू का? परत घेईन."

"नको. तीन मनातल्या मनात देऊन झाल्यात. एक आमच्या अंगणवाडीच्या मॅडम, एक एसटीतले कंडक्टर आहेत, आणि एक मेसवाल्या काकू. चौथीचं बघते."

मी चार प्रती काढल्या, पानं अंगठ्याने सोडून पाहिली, आणि अक्षर केवढं आहे तेही तिला कळवलं.